पाचगणीच्या फायरप्लेसला जळण कुठलं न्यायचं? (आमच्या फॅमिली ग्रुपवरून)

श्री: सगळ्यांना एक विचारायचंय. ३१ ला आपण जातोय त्या पाचगणीच्या बंगल्यात हॉलमध्ये जुनं फायरप्लेस आहे, खरंखुरं दगडी, शोभेचं नाही. मित्र म्हणाला बिनधास्त वापरा पण जळण तुमचं तुम्ही आणा. आता जळण म्हणजे नक्की काय न्यायचं, लाकूड का कोळसा का ते ब्रिकेट म्हणतात ते, आणि दोन रात्रींना लागतं किती?

चिनू: दादा ऑनलाइन मिळतं की. ५ किलोचा बॉक्स, सुतळीची गाठबिठ मारून मस्त येतो 😄

बापूकाका: केवढ्याला

चिनू: ६४९

बापूकाका: म्हणजे १३० रुपये किलो! त्यापेक्षा शेंगदाणे जाळू, निदान वास तरी चांगला येईल

नाना: पाचगणीच्या थंडीचं काय कौतुक सांगता. १७ जानेवारी १९३५ ला आपल्या पुण्यात १.७ डिग्री होतं. तेव्हा वाड्यात कुठे होतं फायरप्लेस.

आई: नाना तुमचा जन्म तरी झाला होता का तेव्हा

नाना: नव्हता. वडील सांगायचे.

श्री: कोळशाचं सांगा ना कोणीतरी. माझ्या डोक्यात लोणारी कोळसा होता, धूर नाही काही नाही, एक पोतं टाकलं डिकीत की झालं

मुग्धावहिनी: नाही हं श्री, अजिबात नाही. धूर नाही म्हणूनच तो जास्त वाईट. कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला रंग नाही वास नाही, डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं प्रवासाचा शीण आहे आणि तो झोपतो. दर थंडीत बातम्या येतात ना, खोलीत शेगडी ठेवून झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत, ते हेच. धुराड्याला नीट ओढ नसेल तर सगळं खोलीत येणार, आणि आपल्याबरोबर आजी आणि दोन लहान पोरं आहेत. लाकडाच्या निखाऱ्यांनाही हे लागू आहे बरं का, आग विझली असं वाटलं तरी लाल निखारे असेपर्यंत धुराड्याची झडप बंद करायची नाही आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची. मी या गॅसचा अलार्म मागवतेय, सेलवर चालतो.

श्री: ओके कोळसा कॅन्सल. दगडी कोळसा पण?

बापूकाका: तो तर नकोच. दगडी कोळशाला खालून वारा लागतो, त्यासाठी लोखंडी जाळी पाहिजे, उंच पायांची. लाकडाचं उलट आहे, ते राखेच्या गादीवर छान जळतं. तू पाठवलेल्या फोटोत जाळी दिसत नाही म्हणजे ते लाकडाचंच फायरप्लेस आहे. शिवाय दगडी कोळशाला गंधकाचा वास येतो, हॉलमध्ये बसून रेल्वेच्या इंजिनात बसल्यासारखं वाटेल

चिनू: सगळ्या फॉरेन साइटवर ओक बेस्ट लिहिलंय. आणि पाचगणीत सिल्व्हर ओक तर ढिगानी आहेत!! तिथेच घेऊ

नाना: चिनू, सिल्व्हर ओक हा ओक नव्हे. ऑस्ट्रेलियातलं झाड आहे, इंग्रजांनी आणून लावलं. ओकशी त्याचं काही नातं नाही, नुसतं नाव घेतलंय.

चिनू: 😐

आई: आणि तिथलं झाडबिड तोडायचं नाही हं, सगळं इको सेन्सिटिव्ह आहे ते

नाना: २००१ पासून.

बापूकाका: आता मी सांगतो ते नीट वाचा, फोनवर टाइप करतोय त्यामुळे चुका सांभाळून घ्या. आपल्या जुन्या वाड्यात बंब होता तेव्हा वखारीतून जळण आणायचं काम माझ्याकडे, सहावी सातवीत असेन, हातगाडीवाल्याबरोबर चालत यायचं. तेव्हा आजोबांनी एक गोष्ट डोक्यात बसवली, झाड कुठलं हे नंतर विचार, आधी वाळलंय का बघ. वखारीत लाकूड मिळतं वजनावर, आणि ओल्या लाकडाच्या १०० किलोत ४० किलो नुसतं पाणी असू शकतं. म्हणजे पाणी विकत घ्यायचं, ते गाडीतून घाट चढवायचं आणि मग त्याची वाफ करायला उरलेलं लाकूड जाळायचं. वर धूर आणि धुराड्यात काजळीचा चिकट थर, तो पेटला तर निस्तरणं अवघड. बाभूळ मिळाली तर उत्तमच, जड असते, सावकाश जळते आणि निखारा धरते. आंबा चालेल. नीलगिरी पटकन पेटते, तडतडते, त्यामुळे पुढे सतरंजी नको. सुबाभूळ भराभर जळून जाते पण सुरुवातीला बरी. कण्हेर चुकूनही नको, तिचा धूर विषारी. पण हे सगळं वाळलेलं असेल तरच, ओल्या बाभळीपेक्षा सुकी सुबाभूळ कधीही परवडली

मुग्धावहिनी: आणि प्लाय, सनमायका, रंगवलेलं फर्निचर नाही. श्री तुमच्या गॅलरीत तो जुना कपाटाचा दरवाजा पडलाय तो न्यायचा विचार असेल तर

श्री: होता 🙈

मुग्धावहिनी: माहितीच होतं मला

श्री: काका ओलं ओळखायचं कसं पण? गेल्या वर्षी महाबळेश्वरला एका हॉटेलवाल्याने ४०० रुपयांना एवढीशी मोळी दिली, दिसायला कोरडी ठणठणीत, आणि पेटवल्यावर टोकांतून पांढरा फेस यायला लागला आणि सूंऽऽ असा आवाज, तासभर आम्ही सगळे आळीपाळीने पुठ्ठ्याने वारा घालतोय, ऊब कसली घाम आला

बापूकाका: तो फेस म्हणजेच आतलं पाणी. दोन फाका घे आणि एकमेकींवर आपट. वाळलेली टणकन वाजते, ओली बद्द. टोकाला चिरा पडलेल्या पाहिजेत, साल नखाने सुटली पाहिजे, आणि आकाराच्या मानाने हातात हलकी लागली पाहिजे. लाकडातली ओल मोजायचं दोन सुयांचं मीटर मिळतं तेही ने, २० टक्क्यांच्या खाली पाहिजे, पण फाक फोडून आतल्या बाजूला टोचायचं, बाहेरून नाही

मीनाआत्या: 🌹 शुभ दुपार 🌹 माझ्याकडे नारळाच्या करवंट्या साठल्यात दोन पिशव्या, नेता का? पेटवायला याच्याइतकं चांगलं काही नाही. कापराच्या दोन वड्या आणि करवंटी. रॉकेल पेट्रोल काही लागत नाही

श्री: आत्या तू ग्रेट आहेस

चिनू: आणि ब्रिकेट? माझ्या मित्राच्या वडिलांच्या कारखान्यात बॉयलरला ते व्हाइट कोल वापरतात, एक पोतं देतील म्हणाला

बापूकाका: नाव कोळसा पण कोळसा नव्हे तो, उसाची चिपाडं, भुसा, शेंगांची टरफलं दाबून केलेला असतो. कोरडा असतो, चांगला जळतो. आण अर्धं पोतं, पण ओल लागू देऊ नको, फुगून भुगा होतो. कारखान्यात विचारून घे नक्की कशाचा आहे, कधी कधी प्लायचा भुसा घालतात. आणि सगळा त्याच्यावर भरवसा नको, आगीसमोर बसायचं ते लाकडासाठी, नाहीतर हीटर लावा

श्री: किती नेऊ ते राहिलंच

बापूकाका: उघड्या फायरप्लेसची बहुतेक ऊब धुराड्यातून वर जाते, खोलीला मिळते ती फार तर १०-१५ टक्के. त्यामुळे खातं खूप, तासाला ३-४ किलो धर. रात्री चार तास, दोन रात्री, म्हणजे ३० किलो. तू ४० घे.

(शनिवार)

श्री: भवानी पेठेत आलोय टिंबर मार्केटजवळ. वखारवाला बाहेरचा ढीग दाखवतोय, १२ रुपये किलो. फोटो टाकलाय

बापूकाका: फोटोवरून काय कळणार, मीटर लाव

श्री: बाहेरून १४!

बापूकाका: फोड म्हटलं ना

श्री: त्यांच्याच कुऱ्हाडीने फोडून घेतली एक. आत ३१ 😳 वखारवाला माझ्याकडे असा बघतोय जसा मी थर्मामीटर लावून आंबे घेतोय

बापूकाका: बघू दे. पत्र्याखालचं विचार, पावसाळ्याच्या आधी चिरलेलं आहे का

श्री: आहे. आत आहे बाभूळ, पण १४ रुपये म्हणतोय. फोडली. १७. आणि खरंच टणकन वाजतेय काका, व्हॉइस नोट ऐका

आई: ऐकली. मागे कोणीतरी शिव्या देतंय

श्री: ट्रक रिव्हर्स घेतोय तो

बापूकाका: घे. हातभर लांबीच्या फाका करून घे, मनगटाएवढ्या जाड. आणि स्वतः उचलून काट्यावर ठेव, नाहीतर मध्ये दोन ओल्या येतील

श्री: ४० किलो, ५६० झाले. गोणपाट टाकून डिकीत भरतोय, मुंग्या आहेत थोड्या

मुग्धावहिनी: झटकून भर. आणि धुराडं कोणी बघितलंय का तिथलं?? वर्षभर बंद असेल ते

चिनू: चिमणीत चिमणीचं घरटं निघायचं

श्री: माळीदादांना फोन करतो

(संध्याकाळी)

श्री: बरं झालं वहिनी विचारलंस. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून जूनमध्ये कोणीतरी धुराड्यावर तेलाचा पत्र्याचा डबा उलटा घालून ठेवला होता, वर दगड. कोणालाच आठवण नाही. आपण तसंच पेटवलं असतं तर सगळा धूर हॉलमध्ये. माळीदादांनी शिडी लावून काढला आता, खाली कागद पेटवून बघितला, धूर सरळ वर जातोय म्हणाले

नाना: मी म्हणतच होतो.

आई: कधी म्हणालात नाना

मीनाआत्या: तो डबा फेकू नका म्हणावं त्यांना, सकाळी राख भरायला होईल. प्लास्टिकच्या बादलीत भराल आणि भोक पडेल. करवंट्या तयार आहेत, बेल बंद आहे, हाक मारा