मदत हवी आहे: फ्रंट व्हील ड्राइव्हच्या मॉडेलमध्ये चाक वळवलं की झटके बसतात

चक्रीझटका: कॉलेजच्या प्रदर्शनासाठी 1934 च्या सित्रोएन त्राक्सियाँ आव्हाँच्या पुढच्या अ‍ॅक्सलचं चालतं मॉडेल करतोय (1:4). चाकाच्या बाजूला एका क्रॉसचा युनिव्हर्सल जॉइंट (अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याने दोन शाफ्ट जोडणारा, वाकूनही फिरणारा सांधा) आहे. चाक सरळ असताना त्रास नाही. 30 अंश वळवलं की मोटर एकसारखी फिरत असूनही चाक दर फेऱ्यात दोनदा अडखळतं. बेअरिंग बदलून झाले. शिवाय फलकावर काय लिहू? फ्रेंच अभियंता कुन्यो याची वाफगाडी 1770 च्या सुमारास पुढच्या चाकावर चालत होती, मग ही पद्धत रुळायला एवढा वेळ का लागला?

वंगण: बेअरिंगचा दोष नाही. एकेरी क्रॉस β कोनात वाकला की आउटपुटचा वेग cosβ आणि 1/cosβ पटींच्या मध्ये हेलकावतो. 30 अंशांना म्हणजे 13 टक्के कमी ते 15 टक्के जास्त. खात्री करायची तर फोर्क (क्रॉस धरणारा दुबेळका) उभा ठेवून शाफ्ट हाताने 45 अंश फिरवा, चाक सुमारे 4 अंश मागे किंवा पुढे दिसेल. 90 ला पुन्हा जुळेल.

मूळ गाडीत चाकाकडे जोडक्रॉस, म्हणजे पाठोपाठ दोन क्रॉस, होता. तोच करा. मधल्या तुकड्याचे दोन्ही फोर्क एकाच पातळीत हवेत. पाव फेरा चुकला तर झटका मिटायचा सोडून वाढतो. किंगपिनची (चाक ज्या खिळीभोवती वळतं तिची) रेषा दोन क्रॉसच्या बरोबर मधून गेली पाहिजे, म्हणजे 30 अंश जवळपास 15-15 वाटले जातात. वळताना शाफ्टची लांबी बदलते, म्हणून गिअरबॉक्सकडे सरकती स्प्लाइन (खाचांवर मागेपुढे सरकणारा जोड) ठेवा, नाहीतर चाक पूर्ण वळवलं की सगळं आवळेल. गिअरबॉक्सकडे एकेरी क्रॉस चालतो. सस्पेन्शनचा कोन 5 अंश धरला तरी फरक अर्धा टक्कासुद्धा नाही.

चक्रीझटका: भंगारातल्या मारुती 800 चा सीव्ही (वाकूनही सम वेग देणारा) जॉइंट बसवला तर?

वंगण: 1:4 ला अवजड होईल. आणि तो क्रॉसऐवजी पोलादी गोळ्यांचा, र्झेप्पा जातीचा. त्राक्सियाँमध्ये तसा नव्हता. परीक्षक जाणकार असला तर तिथेच पकडेल.

जुनीचासी: फलकाचं उत्तर तुमच्या झटक्यातच आहे. ओढणं सोपं होतं; ओढणाऱ्या चाकालाच वळवणं अवघड. ग्रेग्वार आणि फेनाय यांनी ट्रॅक्टा जॉइंट 1926 मध्ये आणला. तो सम वेग देतो, पण त्याचे भाग एकमेकांवर घासत सरकतात, त्यामुळे तापतो आणि ग्रीस मागत राहतो.

वजनाबद्दलही दोन ओळी टाका. 1929 च्या कॉर्ड एल-29 या अमेरिकन गाडीत डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) आणि गिअरबॉक्स पुढे, त्यामागे लांबलचक आठ सिलिंडरचं इंजिन. भार मागे सरकला, चढावर आणखी मागे जायचा आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरायची. दिसायला देखणी, घाटात लंगडी. सित्रोएनचा गिअरबॉक्सही पुढेच होता, पण इंजिन आखूड, चार सिलिंडरचं. 1931 च्या डीकेडब्ल्यू एफ-1 या जर्मन गाडीने दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन आडवं बसवून ही अडचणच टाळली. आडवं इंजिन आणि गोळ्यांचा जॉइंट एकत्र पाहायचे तर 1959 ची मिनी.

वंगण: फोर्क जुळवल्यावर मधल्या तुकड्यावर पंचने खूण करा. पुन्हा खोलाल तेव्हा तिथेच चुकतं.