झरीनांच्या वुडकटमधली काळी रेघ: ब्लॉक आणि कागद

शाईकाम:
मुद्राचित्रकार झरीना हाश्मी यांचं 'डिव्हायडिंग लाइन' (2001) बघून भारत-पाक सीमेचा लहान वुडकट (कोरलेल्या लाकडी ठशाचा छाप) करायचाय. रेघ खोदली तर ती पांढरी छापते, त्यांची काळी कशी? शिवाय पातळ कागद जाड कागदावर चिकटवला की फुगे येतात. छपाईचा प्रेस नाही.

गोलपटाशी:
रेघ खोदायचीच नाही. ती ठेवून आजूबाजूचं लाकूड काढायचं. रेघेच्या दोन्ही अंगांना जे काळे ओरखडे दिसतात ते पटाशीने मागे सोडलेले कंगोरे. सगळे साफ केलेत तर उरेल भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा. रेघेला अगदी खेटलेले मात्र काढा, तिथे शाई साचून रेघ सुजते. सुरी रेघेपासून बाहेर तिरकी धरा, म्हणजे रेघेचा पाया रुंद राहील. प्लायवर वळणाशी ढलप्या उडतातच, तिथे घाई नको. आणि ट्रेसिंग उलटं करून उतरवा, नाहीतर छापात पाकिस्तान पूर्वेला!

खळ_आणि_कागद:
आधी छापा, मग चिकटवा. 'होम इज अ फॉरेन प्लेस'चे (1999) 36 वुडकटही कोझो या पातळ जपानी कागदावर छापून जाड समरसेट कागदावर बसवलेत. प्रेस नसेल तर लाकडी चमच्याची पाठ चालते. तेलाची शाई आठवडाभर सुकू द्या.
खळ: गव्हाचा स्टार्च 1 भाग, पाणी 5 भाग. मंद आचेवर 20 मिनिटं ढवळा, गार करून गाळा, ताकाइतकी पातळ करा. मैदा नको, बुरशी लवकर धरते.
फुगे येतात कारण ओला पातळ कागद वाढतो आणि खालचा कोरडा जागच्या जागी असतो. दोन्ही दमट करा, तंतूंची दिशा एकच ठेवा, ब्रश मधून कडेकडे फिरवा. मग टीपकागदांत घालून वजनाखाली तीन दिवस. पहिला टीपकागद तासाभरात बदला.

गोलपटाशी:
एक जोड. झरीनांचा प्रवास बघा: अलीगढला गणित, 1959 मध्ये घरचे कराचीला, पॅरिसमध्ये हेटर यांच्या अतेलिए 17 या छापकामाच्या कार्यशाळेत धातूच्या प्लेटवरची छपाई, 1974 मध्ये टोकियोत लाकडी ठसे, मग न्यूयॉर्क. लॉस एंजेलिसच्या हॅमर संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं सिंहावलोकन प्रदर्शन झालं 2012 मध्ये, पंच्याहत्तरीत. त्यांची रेघ मोजूनमापून आलेली वाटते ती उगीच नाही. तेव्हा पेन्सिल पक्की झाल्याशिवाय पटाशी उचलू नका.

शाईकाम:
लोकता (नेपाळी हातकागद) चालेल का?

खळ_आणि_कागद:
चालेल, पण पातळातला पातळ घ्या. जाड लोकतातल्या गाठींवर बारीक कंगोरे तुटक उमटतात.