मिनीबसमधील शौचालय: जुनी कॅसेट दुरुस्त करावी की खाली टाकी बसवावी?

सह्यवाटा (पुणे)

शाळेची जुनी मिनीबस घेऊन तिचे कुटुंबाच्या प्रवासासाठी रूपांतर करण्याचे काम आमच्याकडे सुरू आहे. प्रवासात आम्ही चौघे असतो. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यामुळे तिला उकिडवे बसता येत नाही आणि रात्री-अपरात्री ढाब्यामागच्या अंधारात चालत जायला तर तिने साफ नकार दिला आहे. मोडीत निघालेल्या एका परदेशी कॅम्परमधले कॅसेट शौचालय आम्हाला स्वस्तात मिळाले आणि ते बसवूनही झाले. वर कमोडचे भांडे आणि त्याखाली, गाडीच्या बाहेरच्या दारातून ओढून काढता येणारी १८ लिटरची टाकी, अशी त्याची रचना आहे.

आता तक्रारी सांगतो. भांड्यात सोडलेले पाणी थोड्या वेळात खाली झिरपून जाते. गाडी उन्हात उभी राहिली की वास मारतो. टाकी रिकामी असली तरी ती भरल्याचा लाल दिवा लागलेलाच असतो. घाट चढून वर गेल्यावर झडप उघडली, तर खालून फस्सकन हवा आणि तुषार येतात. हे दुरुस्त होण्याजोगे आहे की ते काढून तळाशी १५० लिटरची कायमची टाकी करून घ्यावी? परदेशात नारळाच्या भुश्यावर चालणारी बिनपाण्याची शौचालये मिळतात असेही वाचले. कोकणात भुश्याला तोटा नाही, म्हणून तोही विचार मनात आहे.

पानावाला (कोल्हापूर)

आपल्या चारही तक्रारींचे मूळ टाकीच्या वरच्या भागात आहे, त्यामुळे शौचालय काढून टाकण्याची घाई करू नये.

भांडे आणि टाकी यांच्यामध्ये एक पातळ पाटी, म्हणजे आपण म्हणता ती झडप, सरकते आणि तिच्याभोवती रबराचे कडे असते. हे रबर वाळून कडक झाले, किंवा मूत्रातील क्षारांचा थर पाटीवर बसल्याने ते नीट टेकेनासे झाले, की पाणी खाली उतरते आणि त्याच फटीतून वास वर येतो. टाकी रिकामी करून, धुऊन, सावलीत आणा आणि वरची पट्टी सोडवून रबर बाहेर काढा. कडा बोटाने दाबून पाहा. ती दाबलेलीच राहत असेल किंवा ताणल्यावर बारीक भेगा दिसत असतील, तर रबर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पाटीवरचा पिवळट, खडबडीत थर लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्याने सुटतो, मात्र ते रबर काढून ठेवल्यानंतरच वापरावे. फरशीचे ॲसिड आणि ब्लीच या भागाला अजिबात लावू नये. घरोघरी हाताशी असते म्हणून लोक रबराला पेट्रोलियम जेली चोळतात आणि त्यानेच रबर फुगून वाकडे होते. नळकामाच्या दुकानात मिळणारे सिलिकॉन ग्रीस बोटभर पुरते.

लाल दिव्याचे कारण साधे आहे. टाकीत एक तरंगता दांडा असतो आणि त्याच्या टोकावरील चुंबकामुळे बाहेरचा स्विच चालतो. दांडा कागदाने किंवा क्षारांनी वर अडकला की दिवा विझत नाही. टाकीत कोमट पाणी घालून ती चांगली हलवली, तर तो बहुधा सुटतो.

घाटातील प्रकार हवेच्या दाबाचा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, तर महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास आहे. वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो आणि टाकीत कोंडलेली हवा वाट शोधते. तिच्यासाठी टाकीला छोटे छिद्र ठेवलेले असते, ते आपल्या टाकीत तुंबलेले दिसते. ते मोकळे करा आणि जमल्यास बाहेरच्या दारात १२ व्होल्टचा लहान पंखा बसवून टाकीतील हवा बाहेर ओढून घ्या. उन्हातल्या वासाला याइतका गुणकारी उपाय नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर धुतलेली टाकी वाळवून पाटी उघडी ठेवावी, म्हणजे रबर चिकटत नाही.

वाळवंटवासी (फिनिक्स, अमेरिका)

भुश्याच्या शौचालयाविषयी मी स्पष्टच लिहिते: आपल्यासारख्या पाण्याने धुणाऱ्या घरात ते टिकत नाही. त्या शौचालयात मूत्र पुढच्या बाटलीत आणि मळ मागच्या डब्यात पडावा अशी योजना असते. मागचा डबा कोरडा राहिला तरच वास येत नाही, आणि आपण जेट स्प्रे हातात घेतला की दुसऱ्याच दिवशी तिथे चिखल होतो. तमिळनाडूत इकोसॅन, म्हणजे मूत्र आणि मळ वेगळे ठेवणारी, शौचालये बांधणाऱ्यांनी ही अडचण ओळखून भांड्यात धुण्यासाठी वेगळी जागा ठेवली, परंतु त्यासाठी सरकून बसावे लागते आणि चालत्या गाडीतल्या कमोडवर, तेही दुखऱ्या गुडघ्यांनी, ते कसे जमावे?

कायमच्या टाकीत उलट पाणी हवेच असते. इथल्या मोटारहोममध्ये पाणी वाचवण्याच्या नादात लोक थेंबभर पाणी सोडतात, मग मळ भांड्याच्या बरोबर खाली साचून त्याचा मनोरा होतो आणि टाकी अर्धी रिकामी असताना पाइप तुंबतो. या बाबतीत आपली सवय सोयीचीच ठरते. भांडे खंगाळण्याच्या नावाखाली हातफवारा जोडलेले कमोडही इथे मिळतात. आपली मंडळी त्याचा उपयोग कशासाठी करतात हे सांगायला नको.

तरीही १५० लिटर म्हणजे दीडशे किलोंहून अधिक भार, आणि तो वळणावर हिंदकळणारा. टाकी दोन्ही आसांच्या मधे, चासीला पोलादी पट्ट्यांनी बांधलेली, भांड्याच्या सरळ खाली आणि छतापर्यंत हवेचा पाइप नेलेली असावी. रिकामी करण्यासाठी तीन इंची झडप लागते आणि टाकी दोन-तृतीयांश भरल्यावरच ती उघडावी, म्हणजे पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळे वाहून जाते. इथे कॅम्पग्राउंडवर त्यासाठी ठरलेली जागा असते. पुण्याहून निघालेली गाडी हे कुठे सोडणार, याचे उत्तर हाती येण्यापूर्वी टाकीची ऑर्डर देऊ नये.

सह्यवाटा (पुणे)

दोघांचेही मनापासून आभार. रेल्वेच्या डब्यांखाली असते तशी जैवशौचालयाची टाकी बसवली, तर रिकामी करण्याचा प्रश्नच उरणार नाही, असे एका मित्राने सुचवले आहे.

गोदाकाठ (नाशिक)

रेल्वेने ती टाकी डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या मदतीने तयार केली. तिच्यातील जीवाणू मैला कुजवतात हे खरे, परंतु उरलेले पाणी रुळांवर सोडले जाते. आपण ते राष्ट्रीय महामार्गावर सोडणार आहात काय? शिवाय त्या जीवाणूंना पुरेसा वेळ आणि मोठी टाकी लागते, फिनेल पडले की ते मरतात आणि मिनीबसच्या तळाशी तेवढी जागाही नसते. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसमध्ये महिलांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहे उभी राहिली, परंतु त्या बस एका जागी उभ्या असतात आणि मैलावाहिनीला जोडता येतात. फिरत्या गाडीला ती सोय नाही.

कायमची टाकी बसवलीत, तर ती उपसण्यासाठी सक्शनची गाडी बोलवावी लागेल, कारण कुणा माणसाला बादली देऊन हे काम करायला लावणे, हाताने मैला उपसण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि कायदा नसता तरी ते करू नये. कॅसेटचे तसे नाही. ती आपणच उचलून आपल्या घरच्या किंवा मुक्कामाच्या ठिकाणच्या कमोडमध्ये, मालकाला विचारून, ओतायची. घर सेप्टिक टँकवर असेल, तर कॅसेटच्या टाकीत वासासाठी घालतात ते फॉर्मल्डिहाइडचे निळे रसायन वापरू नये. त्याने टँकमधले जीवाणू मरतात. आणखी एक गोष्ट, वाहनात असे फेरफार करण्यापूर्वी आरटीओकडे कागदपत्रांची चौकशी करावी. मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे मानक आहे आणि परवानगीविना बदल केल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते.

पानावाला (कोल्हापूर)

मीही कॅसेटच्याच बाजूने आहे, मात्र दोन टाक्या ठेवा. चौघांनी पाणी वापरायचे म्हटले, तर एका वेळेस दीड-दोन लिटर खाली जातात, म्हणजे १८ लिटरची टाकी नऊ ते बारा वेळांत भरणार. म्हणजे जेमतेम एक दिवस. भरलेली टाकी वीस किलोंच्या आसपास जाते, तेव्हा ती उचलणार कोण हे आधी ठरवून घ्या आणि चाके व ओढायची मूठ असलेलीच घ्या. दुसरी टाकी किंवा नवे रबर मागवताना पहिल्या टाकीवरील नमुना क्रमांकाचा फोटो दुकानदाराला पाठवा, कारण एकाच कंपनीच्या दोन नमुन्यांच्या टाक्याही एकमेकींच्या जागी बसत नाहीत.