अनुभव धागा : शाळेत मोबाइलचं शहाणपण शिकवताना काय काय झालं?

राजापूर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सहावी ते आठवी मिळून ४१ पोरं. यंदा आठवड्यातून एक तास 'डिजिटल नागरिकत्व' घ्यायचं ठरलं आणि मुख्याध्यापक म्हणाले बाई तुम्हीच घ्या, तुम्हाला कॉम्प्युटर येतो. (येतो म्हणजे यू-डायसची, शाळेच्या सरकारी नोंदीची, माहिती भरता येते.) पहिल्या तासाला विचारलं, स्वतःचा मोबाइल कोणाकोणाकडे आहे? दोन हात वर. घरचा कोण कोण वापरतं? सगळेच. मग फळ्यावर लिहिलं, 'अनोळखी माणसाने पाठवलेली लिंक उघडू नये'. पोरांनी वहीत उतरवून खाली लाल रेघ पण मारली. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी उठली, "बाई, आणि ओळखीच्या माणसानं पाठवली तर?"

घंटा झाली म्हणून वाचले. तुम्ही शिकवलं असेल, तुमच्या मुलांना कोणी शिकवलं असेल, शिकवून फसलं असेल तरी लिहा. भाषणं नकोत, ती माझ्याकडे पीडीएफमध्ये आहेत.

चिपळूणचा मास्तर :
आमच्याकडे हा तास दर जुलैत आपोआप ठरतो. दोन दिवस धरून पाऊस लागला की २२ जुलै २०२१ च्या पुराचे व्हिडिओ 'आत्ताचे' म्हणून फिरायला लागतात, एसटी स्टँडात बुडालेल्या गाड्या वगैरे, आणि मुंबईहून चाकरमान्यांचे फोन सुरू. गेल्या वर्षी असाच एक व्हिडिओ नववीला आवाज बंद करून दाखवला, म्हटलं आजचा की जुना, सिद्ध करा. मला वाटलं गुगल करतील. एक म्हणाला सर ह्या दुकानाचा बोर्ड आता निळा आहे, व्हिडिओत पिवळा दिसतोय. दुसरा म्हणाला माझा काका बाजारपेठेत राहतो, लावू फोन? लावला. काका म्हणाला पाणी नदीतच आहे, तू शाळेत मोबाइल घेऊन काय करतोयस! मग मी व्हॉट्सॲपवरची दोन बाणांची खूण समजावली, की असा बऱ्याच हातांतून आलेला मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पुढे ढकलता येतो. मागच्या बाकावरून आवाज, "डाउनलोड करून नव्याने टाकायचा सर, बाण जातात." असो.

मालवणातून :
माझा मासळीचा धंदा. हॉटेलवाला म्हणून एकाचा फोन आला, वीस किलो सुरमई (आमची इसवण) पाहिजे, ॲडव्हान्स देतो, क्यूआर पाठवलाय तो स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. टाकला. ६,८०० गेले. घरात कोणाला बोलले नाही, नवऱ्याला तर नाहीच. चार दिवसांनी आठवीतला मुलगा जेवताना सांगायला लागला की आज आम्ही वर्गात नाटक केलं, मी चोर झालो होतो, आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. घास हातातच राहिला माझा. सांगितलं त्याला सगळं. तर म्हणतो, "आये, माका इचारूक काय झाला हुता?" त्यानेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. पलीकडच्याने विचारलं पैसे कधी गेले, मी म्हटलं सोमवारी, तो जरा गप्पच झाला. लगेच कळवलं तर रक्कम मध्येच अडवता येते म्हणे. माझे काही आले नाहीत. शाळेत आता तो नंबर फळ्याच्या कोपऱ्यात रंगवलाय, पण खरं सांगू का, नंबर माहीत नव्हता म्हणून मी थांबले नव्हते, लाज वाटली म्हणून थांबले. त्याचं पण नाटक बसवा बाई.

थोरली बहीण, दापोली :
लिहू की नको असं झालं. बहीण दहावीत असताना बाकावर डोकं टेकून झोपली होती, वर्गातल्या एकाने फोटो काढून स्टिकर केलं, दोन दिवसांत सगळ्या गावाकडे. शाळेने प्रकरण 'मिटवलं'. मुलगा ऑफिसात सॉरी म्हणाला, झालं. घरी बाबांनी तिचाच मोबाइल काढून घेतला, क्लासच्या नोट्स त्यावरच यायच्या. फोटो काढणाऱ्याचा त्याच्याकडेच राहिला. मग शाळेने व्याख्यान ठेवलं, पाहुण्यांनी मुलींना सांगितलं डीपीला स्वतःचा फोटो ठेवू नका. तिच्या डीपीला तेरड्याचं फूल होतं हो!

अलिबागकडचा बाबा :
आधी शाळेने शिकावं. स्कॉलरशिपसाठी म्हणून पालकांच्या ग्रुपवर मुलांची आधार कार्डं आणि पासबुकाचे फोटो मागवले, पन्नास जणांनी टाकले सुद्धा. मी म्हटलं २०२३ च्या डेटा कायद्यात १८ च्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, तर उत्तर आलं, तुम्ही ग्रुपमध्ये आहात ना, हीच संमती.

सड्यावरचे गुरुजी (निवृत्त) :
३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, आमच्या मंडणगडच्या बाजूला कित्येक दिवस वीज नाही, आणि तशात शाळा ऑनलाइन. रेंज फक्त सड्यावर. पोरं छत्र्या घेऊन वर चढायची, एका मोबाइलभोवती चार डोकी, आणि मी त्यांना शिकवतोय 'आपला पासवर्ड कोणाला सांगू नये'. अहो, प्रत्येकाच्या बापाचा पॅटर्न अख्ख्या वाडीला पाठ! एकाने गृहपाठ पाठवायला शेजाऱ्याचा मोबाइल घेतला, तर वहीच्या फोटोबरोबर सोसायटीच्या थकलेल्या कर्जाची नोटीसही वर्गाच्या ग्रुपवर आली. पोरगा बिचारा आठवडाभर सड्यावर फिरकला नाही. त्यानंतर पासवर्डचा धडा मी सोडलाच. दुसऱ्याचा मोबाइल हातात असताना काय उघडायचं नाही, आणि चुकून दिसलं तर कुठे बोलायचं नाही, एवढंच घोकून घेतलं. पुस्तकात हे नव्हतं, लिहिणाऱ्याच्या घरी माणशी एक मोबाइल असणार.

राजापूरच्या बाई (धागा काढणारी) :
गुरुजी, तुमचं वाचून पुढच्या तासाला माझी तयारीच बदलली. पण त्याआधी वेगळंच झालं. काल शाळा सुटताना तीच सातवीतली मुलगी आईचा मोबाइल घेऊन आली. पालकांच्या ग्रुपवरची फ्री लॅपटॉप योजनेची लिंक, आईने तिचं नाव, जन्मतारीख, आधार नंबर सगळं भरलेलं, आणि 'पुढे जाण्यासाठी दहा जणांना पाठवा' इथे ती अडकलेली. "बाई, ही उघडू नये ना?" म्हटलं नाही गं, अजिबात नाही, कोणी पाठवली? ती काही बोलली नाही, स्क्रीन वर सरकवून दाखवली. पाठवणारी मी. १५ ऑगस्टला, झेंडावंदनाच्या फोटोंच्या खालोखाल.

मंगळवारी तास आहे. तोच मेसेज फळ्यावर उतरवणार आहे, पाठवणारीच्या नावासकट.