ठासणीच्या बंदुकीला कमी काजळी धरणारी दारू कुठली?

देवगडकर: शेती संरक्षणाचं लायसन आहे, वानर पिटाळायला दोन बार काढले की नळीत एवढी काजळी, दारू ठासायचा गजच खाली जात नाही, वर पावसाळ्यात गंज. स्वच्छ जळणारी दारू सांगा.

गुहागरवाला: काळी दारू जळून वजनाने निम्म्याहून जास्त राखच होते, थोडी धुरात जाते, उरलेली नळीत बसून आपल्या दमट हवेतलं पाणी ओढते. काळ्या दारूऐवजी मिळणारी ब्लॅकहॉर्न २०९ खरंच स्वच्छ, पण तिला शॉटगनच्या काडतुसाचा प्रायमर (पेटवणारी जोरदार टोपी) लागतो, घोड्याखालच्या आपल्या साध्या टोपीवर भरवसा नको. पायरोडेक्स या दुसऱ्या पर्यायी दारूनेही गंज धरतोच.

रत्नांग्रीकर: आणि काडतुसातली बिनधुराची दारू चुकूनही भरू नकोस रे, नळी फुटेल! दर बाराला ओला फडका मार, घरी गरम पाणी, वाळवून तेल.

देवगडकर: बरं, म्हणजे फडकाच.