मदत हवी आहे : बीपीचा वरचा आकडा कमी का येतो, हे मुलांना कसं शिकवावं?

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणीकडच्या वयस्क रुग्णांचं बीपी हाताने मोजताना पहिल्या वर्षाच्या नर्सिंग विद्यार्थ्यांचा वरचा आकडा कधीकधी 20-30 ने कमी येतो. कारण उघड आहे: मनगटाची नाडी न चाचपता कफ (दंडाला बांधायचा पट्टा) अंदाजाने 140 पर्यंतच फुगवतात आणि नाडीचा आवाज मध्येच गायब होऊन खाली पुन्हा सुरू होतो त्या शांत टप्प्यात फसतात. नाडी थांबते त्याच्या 30 वर फुगवा, सेकंदाला 2-3 मिलिमीटरने हवा सोडा, हे सांगून झालंय. चोळीच्या बाहीवरूनच कफ बांधतात, ते वेगळंच.

हा शांत टप्पा कानाला ओळखायला कसा शिकवता? दोघांना एकदम ऐकता येणारा स्टेथोस्कोप कुणी वापरलाय का? आणि कन्नड आज्जींना ‘हात सैल सोडा, बोलू नका’ हे नीट कसं सांगायचं?