शब्दचर्चा : ‘कंटिन्युअसली व्हेरिएबल’ म्हणजे ‘सतत बदलणारे’?

पानदुरुस्त :
एका मोटारीची माहितीपुस्तिका मराठीत आणायचं काम हातात आहे. इंजिन, ब्रेक, क्लच हे शब्द मराठीच झालेत, त्यांना हात लावायचा नाही. गाडं अडलंय ते सीव्हीटीपाशी, म्हणजे ‘कंटिन्युअसली व्हेरिएबल ट्रान्समिशन’पाशी; इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचवणारी ही एक प्रकारची ऑटोमॅटिक गिअरपेटी. आधीच्या मसुद्यात ‘सतत बदलणारे स्वयंचलित प्रसारण’ असं लिहून ठेवलंय. ‘प्रसारण’ वाचलं की मला आकाशवाणी आठवते, पण ते एक वेळ सोडून देऊ. ‘सतत बदलणारे’ तरी बरोबर आहे का? नवी गाडी घेतलेला माणूस हे वाचून म्हणेल, सतत काय बदलतंय, गाडी परत नेऊन दाखवू का? मला शब्द हवा आहेच, पण त्याआधी आत नेमकं काय होतं ते कुणी नीट सांगेल का?

वर्कशॉप :
‘सतत’ काढून टाका. आत काय होतं ते सांगतो, मग का काढायचं ते आपोआप कळेल.

दोन पुल्या असतात. एक इंजिनाच्या बाजूला, दुसरी चाकांच्या बाजूला. प्रत्येक पुली दोन अर्धुकांची, आणि अर्धुकांच्या आतल्या बाजू उतरत्या. दोन बशा पाठीला पाठ लावून धराव्यात तशा. त्यांच्यामधल्या खाचेत पट्टा बसतो. एक अर्धुक जागेवर पक्कं, दुसरं तेलाच्या दाबाने पुढे-मागे सरकतं. अर्धुकं जवळ आली की पट्टा पिळला जाऊन वर, कडेकडे चढतो. लांब गेली की आसाकडे खाली उतरतो. पट्ट्याची लांबी तीच राहते, म्हणून एका पुलीवर तो चढला की दुसरीवर त्याला उतरावंच लागतं. झालं. दातांची चाकं एकमेकांत अडकवण्या-सोडवण्याचा प्रकारच नाही.

गाडी जागेवरून हलते तेव्हा पट्टा इंजिनाच्या पुलीवर अगदी खाली असतो आणि चाकांच्या पुलीवर वर. इंजिनाचे साधारण अडीच फेरे झाले की पुढची पुली एक फेरा फिरते. दुसऱ्या टोकाला हेच गुणोत्तर ०.४ च्या आसपास जातं. या दोन टोकांच्या मधलं कुठलंही गुणोत्तर मिळतं. २.२८ हवं, घ्या. २.२७ हवं, तेही घ्या.

आता आकडे मांडून बघा. चाकाचा घेर १.९ मीटर धरा आणि पुलीनंतरची शेवटची घट ५ पट, म्हणजे पुलीचे पाच फेरे झाले की चाकाचा एक. ताशी ४० किलोमीटरला चाक मिनिटाला ३५१ फेरे घेतं, म्हणजे चाकांकडची पुली साधारण १,७५०. इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर असेल तर गुणोत्तर २.२८. आता ॲक्सिलरेटर दाबून ठेवला आणि गाडी ८० वर गेली. पुलीचा वेग दुप्पट झाला, गुणोत्तर निम्मं, १.१४. इंजिन मात्र मघापासून ४,००० वरच आहे. काटा हललेला नाही! मग ८० ला पोचून पाय हलका केला की गुणोत्तर ०.४५ वर जातं आणि इंजिन १,६०० च्या खाली येऊन निवांत बसतं. पुढचा तासभर रस्ता सपाट असला, वेग तोच ठेवला, तर गुणोत्तरही जवळजवळ तिथेच राहील. सतत काहीही बदलत नाही.

तेव्हा ‘कंटिन्युअसली’ हा शब्द किती वेळा बदलतं ते सांगत नाही, कसं बदलतं ते सांगतो. आणि ‘व्हेरिएबल’ म्हणजे ‘बदलणारं’ नाही, ‘बदलता येणारं’.

शाईपेन :
वर्कशॉप यांनी मुद्दा बरोबर पकडला. मराठीत या दोन गोष्टींसाठी वेगवेगळे शब्द आहेत, आपण ते एकाच पिशवीत कोंबतो. ‘सतत’ काळाचा आहे: सतत खोकतो, सतत फोन बघतो. त्यात थोडी कुरकुरही असते. चांगल्या गोष्टीला आपण ‘सतत’ क्वचितच म्हणतो. ‘अखंड’ हाही व्यवहारात काळाकडेच झुकलेला, अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे वीणा खाली ठेवायची नाही. ‘सलग’ मात्र मधे फट नसल्याचं सांगतो. सलग जमीन, सलग तीन सुट्ट्या. दहावीच्या सांख्यिकीत वर्ग ‘सलग’ करून घ्यायला शिकवतात ते याच अर्थाने, एक वर्ग जिथे संपतो तिथेच पुढचा सुरू.

इथे हवा आहे तो हाच अर्थ. पेटीवर सा आणि रे यांच्यामध्ये पट्टी नाही तर सूर नाही; सारंगीवर बोट सरकवलं की मधला प्रत्येक सूर हाताशी. साधी गिअरपेटी ही पेटी, सीव्हीटी ही सारंगी.

गणितवाले ‘संतत’ सुचवतील. अर्थाने चोख आहे, पण पुस्तिकेत छापलात तर दहातले नऊ जण ती ‘सतत’ची छपाईची चूक समजतील.

बेल्टवाला :
एवढं कशाला? आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक सरळ ‘गिअरलेस’ म्हणतं. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या कायनेटिकने होंडाबरोबर कायनेटिक होंडा काढली, तेव्हापासून हेच चालू आहे. त्याआधी डाव्या मुठीत गिअर टाकायची सवय असलेल्यांना ती गाडी म्हणजे चैन वाटायची. आज रस्त्यावर दिसणारी पेट्रोलची जवळजवळ प्रत्येक स्कूटर सीव्हीटीच आहे, फक्त कुणी तसं म्हणत नाही. मोटारीत आली की तीच गोष्ट एकदम भारी होते.

वर्कशॉप यांनी तेलाचा दाब सांगितला. स्कूटरमध्ये तेवढंही नाही, नुसती वजनं. डावीकडचं कव्हर उघडा. पुढे व्हेरिएटर म्हणजे इंजिनाकडची पुली, मागे दुसरी पुली आणि क्लच, मधे रबरी बेल्ट. व्हेरिएटरच्या सरकत्या अर्धुकामागे सहा रोलर असतात, बोटाच्या पेराएवढे, चढत्या खाचांत बसवलेले. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर फेकले जातात, खाच चढतात आणि अर्धुकाला पुढे ढकलतात. बेल्ट वर चढतो. मागच्या पुलीवर मोठी स्प्रिंग असते, ती बेल्टला कडेला धरून ठेवते. पुढून ओढ लागली की ती दबते आणि बेल्ट आत उतरतो. ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. मागच्या पुलीत तिरक्या खाचा असतात. चढ लागला, चाकावर लोड आला की त्या खाचांमुळे पुली स्वतःच आवळली जाते, बेल्ट परत कडेला येतो आणि गाडी ‘गिअर पाडल्यासारखी’ चढते.

रोलर झिजले की गोलाचे चपटे होतात. हातात घेऊन टेबलावर सोडले तर घरंगळत नाहीत, थबकतात. मग गाडी पळताना अडखळते. बेल्ट झिजला की त्याची रुंदी कमी होते, तो पुढच्या पुलीत पाहिजे तेवढा वर चढत नाही आणि टॉप स्पीड जातं. गिऱ्हाईक म्हणतं इंजिनात दम नाही राहिला. इंजिन ठणठणीत असतं.

शाईपेन :
वर्णन झकास. पण ‘गिअरलेस’ला माझी हरकत आहे. मागच्या चाकाजवळ घटीची दातेरी चाकं असतातच ना? मग गिअर नाही कसा?

बेल्टवाला :
असतात, तीन-चार. पण ‘गिअर’ म्हणजे गिऱ्हाइकाच्या लेखी चाक नाही, तो बदलायचा त्रास आहे. त्रास नाही म्हणून गिअर नाही. तुम्ही कोश काढून त्याला पटवा, मी तोवर बेल्ट बदलतो.

आइंडहोवनकर :
मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहतो, याच गावात मोटारीतली सीव्हीटी मोठी झाली, म्हणून लिहितो. इथल्या डाफ कंपनीने १९५८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात डाफ ६०० दाखवली. कंपनीचे संस्थापक हुब व्हान डोर्न यांची कल्पना, नाव ‘व्हेरिओमॅटिक’, दोन रबरी पट्टे. मागे जाण्यासाठी फक्त फिरण्याची दिशा उलटायची, पट्ट्यांची सगळी गुणोत्तरं तशीच हाताशी. त्यामुळे ही गाडी जेवढ्या वेगाने पुढे, तेवढ्याच वेगाने मागे जायची. पुढे डच लोकांनी या गाड्यांच्या उलट्या शर्यती लावल्या. मागे बघत, मान मोडेस्तोवर.

शब्दाचं सांगायचं तर डच लोक याला ‘ट्रापलोस’ म्हणतात. जर्मन ‘श्टुफनलोस’. दोन्हींचा अर्थ ‘बिनपायऱ्यांचा’. जपानी भाषेतल्या ‘मुदान’मध्येही ‘पायरी नाही’ हेच आहे. या तिघांनीही ‘सतत’ची बाजू धरली नाही, काय नाही ते सांगून मोकळे झाले.

मग रबराचा पट्टा जाऊन पोलादी आला, आणि त्यात एक गंमत आहे. साधा पट्टा ओढतो. हा ढकलतो! पातळ पोलादी पट्ट्यांच्या दोन चळतींवर सुमारे ४०० लहान चकत्या ओवलेल्या असतात. इंजिनाची पुली चकत्यांना पुढे रेटते आणि त्या एकमेकींना ढकलत दुसऱ्या पुलीपर्यंत जोर पोचवतात. सुबारूच्या जस्टी मोटारीत १९८७ मध्ये हा पट्टा आला. ‘ढकलपट्टा’ म्हणायला मला आवडेल, पण इथे मराठी बोलायला मिळतं तेच पुष्कळ.

पानदुरुस्त :
पायऱ्यांचा मुद्दा पटला. ‘बिनपायऱ्यांचे’ मात्र पुस्तिकेत घराच्या जाहिरातीसारखं वाटेल. ‘टप्पे’ चालेल? आणि ‘प्रसारण’चं काय करू?

वर्कशॉप :
‘पारेषण’ शुद्ध आहे, पण ती महापारेषणने विजेच्या तारांवर टांगून ठेवली आहे. गाडीत ‘ट्रान्समिशन’ किंवा ‘गिअरबॉक्स’च राहू द्या. ‘टप्पे’ उत्तम.

घाटमाथा :
थांबा, टप्प्यांवरच माझी तक्रार आहे. माझी गाडी सीव्हीटी आहे आणि माहितीपत्रकात लिहिलंय ‘७ स्टेप’. चालवताना जोर दिला की इंजिनाचा आवाज चढतो, पडतो, परत चढतो, गिअर बदलल्यासारखा. टप्पे नाहीत म्हणता, मग हे सात काय आहेत?

वर्कशॉप :
ते नाटक आहे, आणि लोकांनीच मागून घेतलेलं. मघाशी हिशेब केला ना, इंजिन ४,००० वर अडकून आणि वेग मात्र वाढतोय? यंत्राच्या दृष्टीने हे उत्तम, कारण इंजिन त्याच्या सगळ्यात सोयीच्या फेऱ्यांवर राहतं. पण कानाला ते विचित्र लागतं. आवाज आधी चढून बसतो आणि गाडी मागून येते. सगळे याला ‘रबरबँड’ म्हणतात. तेव्हा कंपन्यांनी कॉम्प्युटरला सांगितलं की पट्टा मधे मधे ठरावीक जागी थांबव, मग एकदम पुढच्या जागी ने. तुमचे सात टप्पे म्हणजे या सात थांबण्याच्या जागा. पाय हलका ठेवून चालवा, बहुतेक गाड्यांत ते गायब होतात.

टप्पे नसण्याची ताकद मोटारशर्यतवाल्यांनी ओळखली होती. विल्यम्स संघाने १९९३ मध्ये फॉर्म्युला वन गाडीवर सीव्हीटीची चाचणी घेतली, डेव्हिड कुल्टहार्डने ती चालवली. १९९४ च्या नियमांत तिला बंदी. मला विचाराल तर हा या यंत्राचा सगळ्यात मोठा सन्मान आहे.

घाटमाथा :
मग घाट उतरताना गिअरचा दांडा ‘एल’वर (‘लो’वर) टाकतो तेव्हा कुठला गिअर पडतो?

वर्कशॉप :
कुठलाच नाही. पट्टा मोठ्या गुणोत्तराकडे सरकवून तिथे धरून ठेवतात, इंजिनाचे फेरे वाढतात आणि ते गाडीला मागे खेचतं. पुस्तिकेत ‘खालचा गिअर’ लिहू नका, ‘उतारासाठी एल स्थिती’ लिहा.

शाईपेन :
नुसतं ‘ऑटोमॅटिक’ लिहून भागवायचा मोह होईल, तो टाळा. बलेनोला आधी सीव्हीटी होती, २०२२ पासून एएमटी आहे. ती साधी गिअरपेटीच, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. दोन्ही ऑटोमॅटिक. चालवून बघितलंत तर पहिल्या चौकातच फरक कळेल.

वर्कशॉप :
आणि नावात ‘पट्टा’ही घालू नका. टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांवर ‘ई-सीव्हीटी’ लिहिलेलं असतं, त्यात पट्टाच नाही. दातेरी चाकांचा एक संच आणि दोन विजेच्या मोटरी; मोटर किती फिरवायची त्यावर गुणोत्तर ठरतं. टप्पे तिथेही नाहीत.

पानदुरुस्त :
तर मग असं लिहितोय: ‘या गाडीत सीव्हीटी ट्रान्समिशन आहे. यात ठरावीक गिअर नसतात. इंजिन आणि चाकांच्या फेऱ्यांचे प्रमाण वेग व भारानुसार, मधे टप्पे न घेता, आपोआप बदलते. त्यामुळे वेग वाढत असतानाही इंजिनाचा आवाज एकाच पट्टीत राहू शकतो. हा बिघाड नाही.’ मथळा ‘बिनटप्पा ट्रान्समिशन (सीव्हीटी)’. हरकत?

शाईपेन :
‘बिनटप्पा’ मस्त. उद्या कुणी गिऱ्हाईक हा शब्द गॅरेजमध्ये जाऊन बोलेल का, ते बेल्टवाला सांगतील.

बेल्टवाला :
बोलणार नाही. पण ते सोडा, पुस्तिकेत पुढे तेलाचं पान असेल ते आधी बघा. तिथे ‘गिअर ऑइल’ असा तर्जुमा केला असेल तर आजच बदला. स्कूटरमध्ये बेल्ट कोरडा चालतो, गिअर ऑइल फक्त मागच्या चाकाजवळच्या डबीत, तिथे ते बरोबर आहे. मोटारीतला पोलादी पट्टा तेलात बुडून चालतो, आणि त्या तेलाने वंगणही करायचं आणि पट्ट्याची पकडही सुटू द्यायची नाही. दुसरं तेल पडलं तर पट्टा घसरतो, पुलीच्या गुळगुळीत तोंडावर चरे पडतात, आणि मग अख्खा बॉक्स खाली उतरवावा लागतो. ‘सीव्हीटी फ्लुइड’ असंच लिहा, वर कंपनीने दिलेला नंबर छापा.